दर्शनी हुंडी, शंभर मिलिग्रॅमची

रत्नागिरीहून समुद्राच्या कडेने गणपतीपुळ्याकडे निघालेला रस्ता आरे आणि वारे या दोन गावांपाशी टेकडीवर चढतो, आणि वळणावर खाली एकाच वेळी दोन किनारे दिसू लागतात. घाटावरून आलेली बहुतेक कुटुंबे तेथे गाडी थांबवतात. कोल्हापूर, सांगली, इचलकरंजी या बाजूच्या व्यापारी घरांची दिवाळीनंतरची ही ठरलेली सहल आहे. आंबा घाट उतरायचा, साखरपा, पाली करीत हातखंब्याला यायचे, रत्नागिरीत एक मुक्काम करायचा आणि दुसऱ्या दिवशी आरे-वारेमार्गे पुढे जायचे.

अशाच एका सहलीतला एक प्रसंग कल्पावा. गाडीत तीन पिढ्या आहेत. साठी ओलांडलेल्या आजींना सकाळपासून मळमळते आहे. दोनदा उलटी झाली, पोटात दुखते आहे, अंगात त्राण नाही. टेकडीवर सारे समुद्र पाहायला उतरतात, आणि आजी मात्र उभ्या राहताच चक्कर येऊन पुन्हा सीटवर बसतात. कोणी म्हणते ऊन लागले, कोणी म्हणते घाटाची वळणे बाधली, कोणी हॉटेलच्या जेवणाला दोष देते. लिंबूसरबत दिले जाते. तेही पोटात टिकत नाही. अखेर गाडी जवळच्या एका लहान दवाखान्यापाशी थांबते. तरुण डॉक्टर तत्परतेने तपासतात. रक्तदाब ऐंशीवर पन्नास, रक्तातली साखर कमी. सलाईन लावता लावता ते विचारतात, "आजींना कोणती औषधं चालू आहेत?"

"बीपीची एक गोळी आहे," मुलगा सांगतो. "बाकी तसं काही नाही, डॉक्टरसाहेब."

या 'तसं काही नाही'मध्ये सहा वर्षे दडलेली आहेत. आजींना संधिवात आहे आणि सहा वर्षे त्या प्रेडनिसोलोनची गोळी रोज घेत आल्या आहेत. दिवाळीच्या गडबडीत पाकीट संपले. प्रवासातून परतल्यावर आणू, असे ठरले. गोळी बंद होऊन आज पाचवा दिवस. घरात कोणाच्या मनातही आले नाही की उलटीचा आणि संपलेल्या पाकिटाचा काही संबंध असेल. डॉक्टरांना तो संबंध समजण्यास एका वाक्याचा अवकाश होता, आणि नेमके तेच वाक्य त्यांना मिळाले नाही.

मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या बसलेल्या दोन लहानशा ग्रंथी असतात. एकेकीचे वजन चार-पाच ग्रॅम. मराठीत त्यांना अधिवृक्क म्हणतात, डॉक्टर ॲड्रिनल म्हणतात. या ग्रंथींतून स्रवणारे कॉर्टिसोल हे संप्रेरक रक्तदाब सावरते, उपाशीपोटी साखर टिकवते आणि ताप, जखम, शस्त्रक्रिया अशा संकटात शरीराला उभे ठेवते. त्याच ग्रंथींतले अल्डोस्टेरोन हे दुसरे संप्रेरक अंगातले मीठ वाहून जाऊ देत नाही. निरोगी माणूस आजारी पडला की ग्रंथी आपोआप कॉर्टिसोलचे प्रमाण अनेक पटींनी वाढवतात. ज्याच्या ग्रंथी निकामी झाल्या किंवा झोपी गेल्या, त्याच्या शरीराला ही वाढीव उचल मिळत नाही. रोजचे दिवस गोळीवर निभतात. एखादा साधा ताप, एखादी जुलाबाची रात्र मात्र त्याला काही तासांत मृत्यूच्या दारात नेऊ शकते. या अवस्थेला ॲड्रिनल क्रायसिस म्हणतात.

लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधील डॉ. थॉमस ॲडिसन यांनी १८५५ मध्ये अकरा रुग्णांच्या नोंदींसह या विकाराचे वर्णन केले. वाढत जाणारा अशक्तपणा, घटणारे वजन आणि काळवंडणारी कातडी अशी ती लक्षणे होती. त्यातील अनेकांच्या ग्रंथी क्षयाने खाल्लेल्या होत्या. पाश्चात्त्य देशांत आज याचे मुख्य कारण शरीराच्या प्रतिकारशक्तीने स्वतःच्याच ग्रंथींवर केलेला हल्ला हे आहे. आपल्याकडे क्षय अजूनही मोजावा लागतो. बाळंतपणात अतिरक्तस्राव होऊन मेंदूतील पिट्यूटरी ग्रंथी सुकल्यास अधिवृक्कांना आज्ञाच मिळत नाही आणि त्या निष्क्रिय होतात. काही बालकांत हा दोष जन्मजात असतो. या सर्वांहून मोठी रांग मात्र औषधरूपी स्टेरॉइड दीर्घकाळ घेणाऱ्यांची आहे. बाहेरून आयता पुरवठा मिळू लागला की शरीर स्वतःचा कारखाना बंद करते, आणि तो पुन्हा सुरू व्हायला आठवडे, महिने, कधी वर्षही लागते. म्हणून तीन-चार आठवड्यांहून अधिक काळ चाललेली स्टेरॉइडची गोळी एकाएकी सोडायची नसते. डॉक्टर ती पायरीपायरीने उतरवतात.

येथे एक कडू गोष्ट सांगितली पाहिजे. आपण स्टेरॉइड घेत आहोत हे पुष्कळांना माहीतच नसते. पाकिटावर प्रेडनिसोलोन, डेफ्लाझाकोर्ट, डेक्सामेथासोन अशी नावे असतात. 'स्टेरॉइड' हा शब्द ठळक अक्षरांत कोठेही नसतो. सांधेदुखीवर आणि दम्यावर हमखास गुण देणाऱ्या, आयुर्वेदिक म्हणून विकल्या जाणाऱ्या काही पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेले तपासणीत आढळले आहे. ती पुडी कोणा नातलगाने दुसऱ्या गावाहून आणलेली असते, बिल नसते, नाव नसते. दुकानात बिलाशिवाय मालाचा एक डाग न घेणारा व्यापारी हीच पुडी मात्र निर्धास्तपणे पोटात घेतो. ज्यांना ठाऊक असते तेही सांगत नाहीत, कारण स्टेरॉइड म्हटले की लोक भुवया उंचावतात. मुलीच्या बाबतीत तर आजाराचे नावच घरातल्या चार माणसांपलीकडे जाऊ दिले जात नाही.

हे लपवणे फक्त आपल्याकडचे नाही. अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांना १९४७ मध्ये लंडनमध्ये ॲडिसनच्या विकाराचे निदान झाले. त्या काळात हे निदान म्हणजे आयुष्याची मुदत संपत आल्याची सूचना होती. पुढे कॉर्टिसोन आले. त्या संशोधनासाठी केंडॉल, राइकस्टाइन आणि हेंच यांना १९५० चे नोबेल पारितोषिक मिळाले, आणि केनेडींसारख्यांना आयुष्य परत मिळाले. १९५४ मध्ये त्यांच्या पाठीवर न्यूयॉर्कमध्ये शस्त्रक्रिया झाली, तेव्हा ॲडिसनचा रुग्ण तो ताण सोसेल का, हाच डॉक्टरांपुढे मोठा प्रश्न होता. पुढल्या वर्षी एका शस्त्रक्रियाविषयक नियतकालिकात ३७ वर्षांच्या एका अनाम पुरुषाची हकिगत छापून आली. तो रुग्ण केनेडीच होते, हे नंतर उघड झाले. १९६० च्या निवडणुकीत मात्र त्यांच्या बाजूने हा आजार नाकारला गेला. त्यांच्या चरित्रांत एक तपशील असा येतो की, ते जेथे जेथे जात तेथे औषध हाताशी असावे म्हणून कुटुंबाने ठिकठिकाणच्या बँकांच्या लॉकरमध्ये त्याचा साठा ठेवला होता. लॉकरमध्ये सोने ठेवणारी माणसे सर्वांनी पाहिली आहेत. जगाला आजार नाकारणारे हे घर औषधाच्या बाबतीत मात्र पूर्ण सावध होते, एवढे त्याच्या पदरात टाकावेच लागेल.

आरे-वारेच्या त्या दवाखान्याकडे परत यावे. संप्रेरकांचे तज्ज्ञ, म्हणजे एंडोक्रायनॉलॉजिस्ट, मुंबई-पुण्यासारख्या मोठ्या शहरांत असतात. रत्नागिरीला जिल्हा रुग्णालय आहे आणि २०२३ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. तथापि क्रायसिस तज्ज्ञांची वेळ घेऊन येत नाही. तो ओढवतो तेव्हा रुग्णापुढे उभा असतो तो वाटेवरचा पहिला डॉक्टर. ॲड्रिनलच्या रुग्णाचा जीव प्रायः त्याच्या हाती असतो, आणि असा रुग्ण त्याने कारकिर्दीत एकदाही पाहिलेला नसण्याची शक्यता मोठी. लक्षणेही फसवी असतात. उलटी, पोटदुखी, ढासळलेला रक्तदाब पाहून जुलाबाची साथ, विषबाधा, पोटातले काही फुटले असावे, अशा दहा शंका येतात.

उपचार मात्र आश्चर्य वाटावे इतका साधा आहे. प्रौढ रुग्णाला हायड्रोकॉर्टिसोनचे १०० मिलिग्रॅमचे इंजेक्शन शिरेतून, शीर सापडत नसल्यास स्नायूत. सोबत पहिल्या तासात सुमारे एक लिटर सलाईन. आणि पुढील चोवीस तासांत आणखी २०० मिलिग्रॅम. मुलांचे प्रमाण वेगळे. तपासणीसाठी रक्त काढून ठेवता आले तर उत्तम, परंतु अहवालाची वाट पाहत इंजेक्शन थांबवायचे नाही, असे जगभरच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. शंका चुकीची ठरली तरी एका इंजेक्शनाने सहसा काही बिघडत नाही. हे औषध आपल्या राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादीत आहे, आणि त्या एका कुपीची किंमत समुद्रकाठच्या हॉटेलातल्या एका थाळीहून अधिक नाही.

मग अडते कोठे? अडते ते ओळखीवर. आणि ओळख कशी पटवायची, हा प्रश्न व्यापारी समाजाला नवा नाही. शे-दीडशे वर्षांपूर्वी एखादा व्यापारी मारवाडातून निघून पुण्या-सोलापुरात किंवा मुंबईत पोहोचत असे, तेव्हा त्याच्या कमरेला रोकड नसे. कागदाचा एक तुकडा असे. दर्शनी हुंडी. परक्या गावच्या पेढीवर ती दाखवताच पैसे मिळत. पेढीवाल्याने त्या माणसाला पूर्वी कधी पाहिलेले नसे. त्याचा विश्वास कागदावरच्या सहीवर, नावागावावर आणि लिहिण्याच्या ठरलेल्या रीतीवर असे. १८८१ चा पराक्राम्य पत्रांचा कायदा झाला, तेव्हाही देशी भाषांतील या कागदांच्या स्थानिक रूढींना त्याने हात लावला नाही.

ॲड्रिनलच्या रुग्णाने जवळ बाळगायचे कार्ड ही अशीच दर्शनी हुंडी आहे. ब्रिटनने २०२० मध्ये अशा रुग्णांसाठी देशभर एकाच नमुन्याचे कार्ड सुरू केले. आपल्याकडे तसे सर्वत्र चालणारे कार्ड नसले, तरी रुग्णाच्या तज्ज्ञ डॉक्टरांनी स्वतःच्या लेटरहेडवर लिहून दिलेला कागद तेच काम करतो. त्या कागदाकडे समोरच्या डॉक्टरच्या नजरेने पाहावे. अनोळखी माणसे गाडीतून उतरतात आणि म्हणतात, हिला शंभर मिलिग्रॅम स्टेरॉइड द्या. स्टेरॉइड जपून वापरावे, असे वैद्यकीय शिक्षणात त्याच्या मनावर ठसलेले असते. उद्या काही झाले तर जबाबदारी त्याची. त्याने कचरणे स्वाभाविक आहे, आणि त्याबद्दल त्याच्यावर आवाज चढवणे अन्यायाचे आहे. रुग्णाच्या नातलगांपासून डॉक्टरांचे रक्षण करण्यासाठी महाराष्ट्राला २०१० मध्ये वेगळा कायदा करावा लागला, ही काही अभिमानाने सांगण्याची बाब नव्हे.

म्हणून कागद असा असावा की तो स्वीकारणाऱ्याला धीर यावा. त्यावर निदान एका ओळीत हवे. रोजचे औषध आणि त्याचे प्रमाण हवे. क्रायसिसमध्ये काय द्यायचे ते मिलिग्रॅमसह, सुवाच्य आणि डॉक्टरांना सवयीच्या इंग्रजीत हवे. खाली तज्ज्ञांची सही, नोंदणी क्रमांक, फोन आणि अलीकडची तारीख. सहा वर्षांपूर्वीचा, घड्यांवर फाटलेला कागद कोणत्याही काउंटरवर संशयच जागा करतो, आणि दवाखानाही त्याला अपवाद नाही. हुंडी हरवली तर पेठ आणि तीही हरवली तर परपेठ लिहून देण्याची रीत होती. कागदाच्याही तशाच प्रती असाव्यात. एक रुग्णाच्या पाकिटात किंवा पर्समध्ये, एक गाडीत, एक घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये.

जुन्या पेढ्यांवर आणखी एक शहाणपण होते. पैसे देणाऱ्याने हुंडी नाकारलीच, तर त्याच गावातल्या दुसऱ्या पतदाराच्या नावे जिकरी चिठ्ठी सोबत दिलेली असे, की आमच्या शब्दावर एवढी रक्कम द्यावी. कागदावरचा तज्ज्ञांचा फोन क्रमांक ही आजची जिकरी चिठ्ठी. समोरचे डॉक्टर कचरत असतील तर वाद घालण्यापेक्षा फोन लावून त्यांच्या हाती द्यावा. दोन डॉक्टर आपसांत दोन मिनिटांत जे बोलतील, ते चिंताग्रस्त नातलगांना अर्ध्या तासातही समजावता येणार नाही. हा फोन रात्री-अपरात्री उचलला जाईल का, हे तज्ज्ञांना आधीच विचारून ठेवावे. ते नसतील तेव्हा कोण, हेही.

कागदासोबत खुद्द औषध असले तर निम्मे काम होते. हायड्रोकॉर्टिसोनची कुपी, ती विरघळवण्याचे पाणी आणि सिरिंज एका लहान डबीत बसतात. लहान दवाखान्यात हे इंजेक्शन असेलच असे नाही. तेथे बहुधा डेक्सामेथासोन असते. हायड्रोकॉर्टिसोन मिळेपर्यंत त्याने वेळ निभावता येते, परंतु पहिली पसंती हायड्रोकॉर्टिसोनलाच. डबी गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हात ठेवू नये आणि कुपीची मुदत दर दिवाळीला वह्या बदलताना तपासावी. घरातल्या एकाने तरी स्नायूत इंजेक्शन द्यायला डॉक्टरांकडून शिकून घ्यावे. आरे-वारेच्या वळणावर, १०८ ची रुग्णवाहिका पोहोचेपर्यंतचा वेळ मोलाचा असतो.

तापाच्या दिवसांचा नियमही लिहून घेतलेला असावा. हायड्रोकॉर्टिसोन घेणाऱ्या रुग्णाला सामान्यतः असे सांगतात की, ताप १००.४ अंश फॅरनहाइटच्या पुढे गेला की गोळीचे प्रमाण दुप्पट, १०२.२ च्या पुढे तिप्पट, आणि बरे वाटल्यावर पुन्हा पूर्ववत. उलटी होऊन गोळी टिकत नसेल तर इंजेक्शन, आणि लगेच डॉक्टर. प्रत्येकाचे प्रमाण त्याचे डॉक्टर ठरवतील. दातांच्या शस्त्रक्रियेपूर्वी किंवा मोतीबिंदूच्या आधीही दंतवैद्याला, नेत्रवैद्याला हे सांगायचे असते, आणि येथेच पुन्हा 'तसं काही नाही' आडवे येते.

तपाचा विषय टाळून पुढे जाता येत नाही. आपल्या घरांत चौविहार उपवास होतात, अठ्ठाई होते, नवपदाच्या ओळीत नऊ दिवस आयंबिल होते. चौविहारात पाणीही नाही, म्हणजे गोळीही नाही. अलोणी आयंबिलात मीठ नाही. ज्याच्या शरीरातून मीठ वाहून जाते, ज्याची साखर उपाशीपोटी टिकत नाही, अशा ॲडिसनच्या रुग्णाला हे दोन्ही घातक आहेत. अशा रुग्णाला एरवीही खारट खाण्याची ओढ असते. घरचे लोक त्याला लोणच्याचा हावरा म्हणून चिडवतात आणि काळवंडलेला रंग उन्हाच्या माथी मारतात. पच्चक्खाणाला आगार असतात आणि त्यांत तीव्र व्याधीत समाधी टिकावी म्हणून औषधाची मोकळीक आहे, हे पुष्कळांना ऐकून माहीत असते. तरीही पर्युषणात आजी गोळी सोडतात, कारण सुनेला ते बोलून दाखवायला संकोच वाटतो आणि मुलगा दुकानात असतो. ही गोष्ट पर्युषणाच्या आधी महाराजसाहेबांना विचारावी, आणि डॉक्टरांनाही. डॉक्टर जैन नसतील तर चौविहार म्हणजे काय, आयंबिल म्हणजे काय, हे त्यांना उलगडून सांगावे. 'उपवास' म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांपुढे साबुदाण्याची खिचडी येते.

त्या कल्पिलेल्या प्रसंगाचा शेवट वाचकांच्या मनात अडला असेल. तो असा होऊ शकतो. सलाईन अर्धे होऊनही रक्तदाब चढत नाही. डॉक्टर पुन्हा विचारतात, आणि या वेळी मुलाला न विचारता सुनेला विचारतात. औषधांचा डबा भरण्याचे काम तिचे असते. ती म्हणते, "आईंची सांध्यांची एक गोळी होती, रोजची. ती दिवाळीत संपली." नाव आठवत नाही. मोबाइलमध्ये औषध दुकानदाराचे जुने बिल सापडते. डॉक्टर ते वाचतात आणि उठतात.

तासाभराने आजी डोळे उघडून पाणी मागतात. पुढे रत्नागिरीला हलवणे, दोन दिवस रुग्णालयात राहणे, प्रेडनिसोलोन पुन्हा सुरू होणे हे सारे यथावकाश होते.

पटलेली हुंडी पेढीवर जपून ठेवत. तिला खोका म्हणत. व्यवहार पुरा झाल्याचा तो पुरावा. डॉक्टरांच्या वाट्याला असा खोका क्वचितच येतो. वाटसरू रुग्ण पुढे जातो, त्याचे काय झाले, शंका खरी होती की नाही, हे पहिल्या डॉक्टरला कोणी कळवत नाही. त्या कुटुंबाने घरी पोहोचल्यावर डिस्चार्ज कार्डाचा एक फोटो काढावा, आजींच्या संमतीने, आणि दोन ओळींसह त्या लहान दवाखान्याच्या क्रमांकावर पाठवावा. निदान काय निघाले, पहिले इंजेक्शन किती वाजता मिळाले आणि आजी आता कशा आहेत, एवढे पुरे. पुढच्या दिवाळीत त्या टेकडीवरून दुसऱ्या कोणाची गाडी खाली येईल, तेव्हा औषधे कोणती चालू आहेत, हा प्रश्न ते डॉक्टर पहिल्यापासूनच दोनदा विचारतील.